उलटा चालणारा संदल

ढोल माइकच्या थेट समोर उभा करायचा नसतो. त्याला थोडं बाजूला, थोडं लांब ठेवायचं. ताशा त्याहून लांब, कारण त्याचा आवाज टोचतो. बेंजो मात्र जवळ. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. वरातीत गाण्याची चाल तेच वाजवतं, आणि भोंगा लावला नाही तर ते बिचारं कुणाला ऐकूच येत नाही. झांजवाल्याला सगळ्यांत मागे पाठवायचं. तो नाराज होतो. त्याची नाराजी सांभाळणं हाही माझ्या कामाचाच भाग आहे.

मी चंद्रपूरच्या एका छोट्या रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रण करते. बोलणारी माणसं वेगळी असतात. मी गावोगाव जाऊन आवाज आणते, कापते, जोडते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. उत्तर येत असलं तरी मी हात वर करायची नाही, आणि वर्गाबाहेरही फारसा फरक नव्हता. त्यामुळे रेडिओत नोकरी लागली म्हटल्यावर घरचे हसले. पण कानाला हेडफोन लावले की लोक तुमच्याशी गप्पा मारायला येत नाहीत. हा फायदा नोकरीच्या जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

अर्थात तो सगळीकडे चालत नाही. एका गावच्या भजनी मंडळातल्या बाईंनी पेटी उघडलीच नाही. म्हणाल्या, "तू कान झाकून बसली पोरी, मंग आमचं ऐकते कोन?" तेव्हापासून भजनी मंडळ असलं की मी एक कान उघडा ठेवते. हेमलकशाकडे एका गावात मुलींना मी माइकसमोर ओळीत उभं केलं, तर त्यांना गाणंच सुचेना. हातात हात गुंफून गोल फिरायला लागल्या तेव्हा ते आलं. मग मला रिंगणाच्या मध्ये उभं राहून माइकसकट गरगर फिरावं लागलं. घरी येईपर्यंत डोकं फिरत होतं, पण एक गोष्ट कळली. काही गाणी थांबवली की बंद पडतात.

आमच्या केंद्राच्या प्रमुख मॅडमनी मागे एक मालिका काढली. केंद्र ऐकू येतं त्या दोन जिल्ह्यांत वाजवणाऱ्यांच्या लहान लहान गटांना जी नावं आहेत, ती आली कुठून, असा विषय. ताफा झाला, चौघडा झाला, दंडार नाचणाऱ्यांची पार्टी झाली. मग आला संदल.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे लग्नात, गणपतीत, जत्रेत 'संदल लावला का?' असं विचारतात. संदल म्हणजे ढोल, ताशा, झांजा आणि बेंजो घेऊन वाजवणारा आठ-दहा माणसांचा गट. मी लहानपणापासून हा शब्द याच अर्थानं ऐकत आले. शब्दकोश उघडला तर तिथे संदल म्हणजे चंदन. ढोलाचं नाव नाही, ताशाचं नाव नाही. चंदनापासून ढोलापर्यंत हा शब्द आला कसा, ते शोधणं माझ्याकडे आलं.

चामोर्शीकडच्या एका गावात युसूफभाऊंची संदल पार्टी आहे. युसूफभाऊ शिंपी. कॉलरच्या आतल्या बाजूला नेहमी टाचण्या टोचलेल्या. लग्नसराईत गळ्यात ताशा अडकवतात. त्यांच्या जोडीला मधुकरभाऊ. जवळच्या खेड्यात त्यांची धानाची शेती. दोघांचे वडीलही याच पार्टीत होते.

आधी मी त्यांना स्टुडिओत बोलावलं. गालिच्यावर बसवलं, पंखा बंद केला, लाल दिवा लावला. ताशा भरकटायला लागला. ढोल त्याच्या मागे, बेंजो तिसरीकडेच. युसूफभाऊंनी काड्या मांडीवर ठेवल्या. "मॅडम, इथी पाय चालून नाई राह्यले. मंग हात कुठून चालतीन?" मधुकरभाऊ म्हणाले, "याले घरी बसून वाजवता येत असतं तं याच्या बायकोनं कवाच हाकललं असतं." सगळे हसले, मीही. ठरलं, की मी एखाद्या लग्नातच यायचं.

ते लग्न चामोर्शीजवळच्याच एका गावात होतं. मी वरातीच्या आधी पोचले. बॅटरी आणि भोंगा ठेवलेली पार्टीची हातगाडी शाळेपाशी उभी होती. गाडीला पुढे पत्र्याचा बोर्ड, त्यावर लाल रंगात 'संदल पार्टी'. मी भोंग्यापासून किती अंतरावर राहायचं ते बघत होते, तेवढ्यात नवरीचे मामा आले. माणूस चांगला होता; आल्या आल्या सगळ्यांना चहा झाला का विचारलं. मग युसूफभाऊंना जरा बाजूला, म्हणजे नेमकं माझ्या माइकजवळ, घेऊन म्हणाले, "भाऊ, हे बोर्ड झाकता येते का?"

"काऊन जी? रंग गेला का?"

"रंगाचं नाई. संदल म्हंजे तुमच्या दर्ग्याचा शब्द हाये म्हंतेत. पाहुणे बाहेरचे हायेत. कोनी काही बोललं तं कार्यात खिटखिट नोको. धुमाल लिवा न. आजकाल सारे वाजवनारे धुमालच लिवतेत."

युसूफभाऊ हसले. "आता लिवाले वेळ नाई जी. कपडा टाकतो."

गाडीत ढोलावर पांघरायचं केशरी कापड होतं. त्यांनी ते बोर्डावर ओढलं आणि कॉलरमधल्या टाचण्या काढून कडा इतक्या नीट बसवल्या, की बोर्डासाठीच शिवल्यासारखं दिसत होतं. मामा आभार मानून गेले.

मधुकरभाऊ पुढचा रस्ता पाहून परत आले. "हे काय गा?"

"धूळ लय हाये."

मधुकरभाऊंनी रस्त्याकडे बघितलं. नवरदेवासाठी गावकऱ्यांनी सकाळीच टँकर आणून रस्ता शिंपला होता. माती ओली, काळी. त्यांनी झांजा गळ्यात अडकवल्या.

वरात निघाली आणि मी पहिल्यांदा त्यांचं चालणं नीट पाहिलं. इतर ठिकाणी वाजवणारे पुढे तोंड करून चालतात, नवरदेव मागून येतो. हे सगळे उलटे चालत होते. तोंड नवरदेवाकडे, पाठ रस्त्याकडे. वाजवता वाजवता पाऊल मागे, पुन्हा मागे. सगळ्यांच्या पलीकडे मधुकरभाऊ. गळ्यात झांजा, पण एक हात कायम युसूफभाऊंच्या पाठीवर. अर्धं तोंड रस्त्याकडे, अर्धं पार्टीकडे. पार्टीत या माणसाला पाठवाला म्हणतात. त्यानं एक थाप मारली तर मागे दगड किंवा खड्डा आहे, पाय उचल. दोन थापा म्हणजे थांब. हात नुसता सरकला तर त्या अंगाला वळ. ताशा जिथे वळतो तिथे बाकीचे वळतात. युसूफभाऊ मागे वळून बघत नव्हते. नालीवरच्या अरुंद फरशीवरूनही ते ताशा न चुकवता गेले.

जेवणाच्या पंगती बसल्यावर मी मधुकरभाऊंना विचारलं, उलटं का चालता?

"नवरदेवाले पाठ नाई दाखवत जी."

"का पण?"

"थे युसूफले विचारा. मोठा थो हाये." आणि ते वाढायला आलेल्या माणसाकडे वळले.

युसूफभाऊंनी सांगितलं. गाडीला टेकून, यंत्र चालू असताना, अगदी सहज. दर्ग्यात उरूस भरला की गावातून चंदनाचा लेप तबकात घालून नेतात. तबक डोक्यावर घेऊन एक बुजुर्ग चालतो. ते मजारीवर चढवायचं. त्यालाच संदल म्हणतात. तबकाच्या पुढे वाजवणारे चालत, आणि तबकाला पाठ दाखवायची नाही म्हणून उलटे चालत. मिरवणूक बघायला सगळं गाव यायचं. कुणाला वाजवणं आवडलं, तो म्हणायचा, आमच्या पोराच्या लग्नात त्या संदलवाल्यांना सांगा. पुढे 'वाले' गळून पडलं आणि नुसता संदल राहिला. "चंदन राह्यलं दर्ग्यात, ढोल नाव घेऊन गावभर फिरून राह्यला," ते म्हणाले. उलटं चालायची सवय पायांतच होती, ती लग्नातही आली. आधी तबक, मग नवरदेव.

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "मॅडम, हे लावू नका."

मी हेडफोन काढले.

"मामाजीसारखं कोनाकोनाले मालूम हाये. बाकी लोकायले संदल म्हंजे ढोल, एवढंच मालूम हाये. तवरीच बरं. तुमी रेडिओत सांगसान का हे दर्ग्यातून आलं, तं उद्या गणपतीले कोन बोलवते? मार्कंड्याच्या जत्रेत, देवळापुढं, कोन उभं करते? आता कपडा टाकून भागते. मंग नाई भागनार."

"मधुकरभाऊंना विचारलंत?"

"त्याले काय विचारायचं? थो बी गावातच राह्यते. त्याले बी लोकायचं पाहा लागते."

न सांगण्याचं मला नवल वाटत नाही. मी स्वतः बऱ्याच गोष्टी सांगत नाही. मी 'बरं' म्हटलं.

ध्वनिमुद्रण कापणं म्हणजे शब्द काढून टाकणं एवढंच नसतं. शब्दाच्या आधीचा श्वासही काढावा लागतो, नाहीतर ऐकणाऱ्याला कळतं, की कुणीतरी काहीतरी बोलणार होतं. मी श्वासासकट कापलं. आमच्या मॅडमनी ऐकलं आणि म्हणाल्या, "यात शब्द कुठे आहे? नुसते ढोल आहेत." मी म्हटलं, त्यांची परवानगी नाही. "परवानगी नाही तर नाही," त्या म्हणाल्या, आणि भाग तसाच लागला. निवेदिकेनं गोड आवाजात सांगितलं, की या शब्दाची वाट फार लांबची आहे. पुढे वरात, बेंजो आणि जाहिरात.

भाग लागला त्याच आठवड्यात मधुकरभाऊ केंद्रात आले. चपला दाराबाहेर काढून आत आले, खुर्चीच्या कडेवर बसले. मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत.

"बाई, थो सांगून राह्यला होता तुमाले. म्या पंगतीतून पाह्यलं. रेडिओत नाई आलं."

मी हेडफोनची वायर गुंडाळायला लागले.

"त्यानं नोको म्हनलं का?"

मी गप्प राहिले. माझ्या गप्प बसण्याचा मला आजवर फायदाच झाला होता. पण काही माणसांना गप्प बसण्याचाही अर्थ लागतो. मधुकरभाऊंनी मान हलवली.

"धुळीसाठी कपडा टाकला म्हने. मी का लहान लेकरू होवो? पानी मारेल रस्त्यावर धूळ." थोडं थांबून म्हणाले, "मामाचं मले ढोलवाल्यानं सांगतलं. त्याचं वाईट नाई वाटलं. थो एक दिवसाचा गिऱ्हाईक. माह्या बापानं याच्या बापाच्या पाठीवर हात ठेवला, म्या याच्या ठेवला. दगड कुठी, नाली कुठी, मीच सांगतो न त्याले? मंग हे काऊन नाई सांगतलं मले? लोकायले भेते तं भेवो. मले बी त्यानं लोकायत धरलं."

मी म्हटलं, "त्यांना तुमची काळजी असेल. तुम्हालाही गावात राहायचंय."

"हाव. माही काळजी. म्हंजे मले न विचारता." मग त्यांनी एकदम विचारलं, "तुमच्या पुस्तकात काय हाये संदलचं?"

मी सांगितलं, जेवढं वाचलं होतं तेवढं. की आपल्या चंदन शब्दावरूनच तिकडे फारसी-अरबीत संदल झाला असं म्हणतात, आणि तिकडून तो परत इकडे आला.

"म्हंजे नाव बदलून घरीच आला लेकाचा," ते म्हणाले, आणि थोडे हसले. मग पुन्हा गंभीर झाले. "नसता आला तरी काय होतं? आमी तं याले असाच ओळखतो." ग्लासातलं पाणी प्यायले आणि गेले.

नंतर युसूफभाऊंचा फोन आला. मधुकर तालमीला येत नाही, बोलवलं तर धान कापणी सांगतो. "कापनी कवाची झाली त्याची," ते म्हणाले. "तुमाले काही बोलला का?" मी म्हटलं, ते केंद्रात आले होते. काय बोलले ते सांगितलं नाही.  मग, "उरसाले या मॅडम. थो येईन तवा," म्हणाले, आणि फोन ठेवला.

उरसाच्या दिवशी दुपार कलताना मी पोचले. गल्लीत ऊद आणि गुलाबाचा वास होता. हिरव्या चादरीखाली तबक, ते एका बुजुर्गाच्या डोक्यावर. पार्टी समोर उभी राहिली. हातगाडी मागून येत होती. बोर्ड उघडा, केशरी कापड ढोलावर. मधुकरभाऊ नव्हते.

युसूफभाऊंनी ताशा सुरू केला आणि पाऊल मागे टाकलं. झांजवाला त्यांच्या पाठीशी जायला निघाला, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी वळून मागे बघितलं. ताशा तिथे तुटला. पुन्हा जोडला, पुन्हा बघितलं, पुन्हा तुटला. हेडफोनमध्ये ते फार स्पष्ट ऐकू येत होतं. ढोलवाल्यांना कळेना, थांबायचं की चालायचं. गर्दीतून कुणीतरी सल्ला दिला, "भाऊ, सरळ चाला न, काय होते?" युसूफभाऊंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि ऊन उतरलेलं होतं.

बाजाराच्या गल्लीच्या तोंडाशी ताशा एकदम सरळ झाला. मी वर बघितलं. मधुकरभाऊ होते. कपडे घरचे, गळ्यात झांजा नाहीत. हात युसूफभाऊंच्या पाठीवर. लगेच एक थाप पडली. मागे पाण्याचा पाइप आडवा होता. युसूफभाऊंनी न बघता पाय उचलला.

दोघांना एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. एकाचं तोंड तबकाकडे आणि दुसऱ्याचं रस्त्याकडे.

बाजाराच्या मैदानात मोठी चिंच आहे. तिथे संदल दरवर्षी थांबतो. आसपासच्या खेड्यांतल्या बायका लेकरं घेऊन उभ्या असतात, त्यांच्या कपाळाला चंदनाचं बोट लावतात. दोन थापा पडल्या, वाजवणं थांबलं. तबक खाली आलं, लेकरं पुढे सरकली. मधुकरभाऊ माझ्याकडे वळले.

"बाई, मशीन चालू हाये का?"

"आहे."

"मंग सांग गा, युसूफ. संदल म्हंजे काय, थे सांग. इथी सारे हायेत."

"मधुकर, कायले आता..."

"आज धूळ नाई उडून राह्यली."

युसूफभाऊंनी खाली बघितलं. ताशाच्या काड्या एका हातात घेतल्या, दुसऱ्या हातानं कॉलर चाचपली, टाचण्या शोधत असल्यासारखं. मग म्हणाले, "तू सांग. तुह्याच तोंडून बरं लागीन."

"अर्धं मी सांगतो. अर्धं तू."

कडेवर लेकरू घेतलेली एक म्हातारी म्हणाली, "हे काय सांगाचं हाये बाप्पा? आमाले मालूम हाये. चंदन लावाले तं आलो."

"मालूम हाये तं राहू दे मावशी," मधुकरभाऊ म्हणाले. "तुले नाई, रेडिओले सांगून राह्यलो."

लोक हसले. त्या हसण्यातच युसूफभाऊंनी बोलायला सुरुवात केली. तबकाचं सांगितलं, पाठ न दाखवण्याचं सांगितलं. जिथे ते अडले तिथे मधुकरभाऊंनी धरलं: दोघांचे बाप, हाताच्या थापा, लग्नाची बोलावणी. शेवटी त्यांनी माझ्या पुस्तकातली गोष्टही आपल्या पद्धतीनं घातली, की चंदन परदेशात गेलं आणि नाव बदलून घरी आलं. म्हातारीनं विचारलं, "मंग पैसे आनले का तिकडून?" हे सगळं त्या फितीत आहे. मी यातला एकही श्वास कापलेला नाही.

निघण्याआधी युसूफभाऊ माझ्याजवळ आले. "हे लावा," एवढंच म्हणाले.

तो भाग लागला. त्यानंतर पार्टीची किती कामं गेली आणि किती नवी आली, हे मी विचारलं नाही. त्या मामांच्या घरच्या पुढच्या लग्नात गाडीवर चढवलेला डीजे होता, हे मला माहीत आहे. युसूफभाऊंनी कधी तक्रार केली नाही, पण मी त्या गावावरून जाते तेव्हा मला ते आठवतं, आणि आपण बरोबर केलं का, याचं उत्तर दर वेळी तेच येत नाही. मार्कंड्याच्या जत्रेत पार्टी यंदाही होती. बोर्ड उघडा होता.

एक सांगायचं राहिलं. चिंचेपासून दर्ग्यापर्यंतच्या त्या शेवटच्या वाटेवर मला आवाज नीट मिळेना. ते सगळे तबकाकडे तोंड करून वाजवत होते, मी बाजूनं चालत होते, आणि बाजूनं नुसता ढोल येत होता. मधे तबकापुढे उभी राहिले असते तर माझी पाठ तबकाला झाली असती. मग मी ताशाच्या शेजारी, ढोलांच्या ओळीत शिरले आणि त्यांच्यासारखीच उलटी चालायला लागले. गर्दी आमच्याकडे बघत होती. एरवी मी अशा जागी उभी राहत नाही. मागचं काही दिसत नव्हतं आणि पाय घाबरत होते. तेवढ्यात माझ्या पाठीवरच्या सॅकवर थाप पडली. मधुकरभाऊंना दोन हात आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी पाय उचलला.

यंत्र त्याच सॅकमध्ये होतं, त्यामुळे ती थाप फितीत आली आहे. ढोलांच्या मधेच, तालात न बसणारी. मॅडम म्हणाल्या, एक ठोका चुकलाय, काढून टाक. मी ठेवला. तिथे दगड होता.